ताट धुऊन पिणारे

घर आमचं. पंगत आमची. आणि हसणारा आमच्याच पाटावर बसून, आमच्याच पुरणपोळ्या खाऊन हसत होता.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवटचा घास संपवला. थाळीत तांब्यातलं पाणी ओतलं, बोटांनी थाळी धुतली आणि उचलून ते पाणी पिऊन टाकलं. रोजच्यासारखं. समोरचा पाहुणा, माझ्या वसतिगृहातला लखनौकडचा विद्यार्थी, हातातला घास खाली ठेवून म्हणाला, "वाह, बड़े मियाँ ने बर्तन का धोवन भी नहीं छोड़ा." मग माझ्याकडे वळून, "इन्हें भी पीछे बिठाया करो, भाई." त्याच्या शेजारी बसलेला, वसतिगृहातलाच बगदादचा पोरगाही हसला.

म्हाताऱ्याला उर्दू कुठून कळणार, असं त्याला वाटलं असावं. आप्पांचं दुकान अंबाजोगाईच्या छावणीच्या रस्त्यावर. घोडदळाच्या शिपायांना गूळ आणि डाळ विकण्यात त्यांचे केस पिकले. उर्दूत ते भांडायचेसुद्धा. त्यांना शब्द न् शब्द कळला. 'पीछे'सुद्धा कळलं.

आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात लिंग. अन्न आधी त्याला दाखवायचं, मग तोंडात घालायचं. म्हणजे ताटात असतो तो प्रसाद. प्रसादाचं शीतही मोरीत जाऊ द्यायचं नाही, म्हणून ताट धुऊन प्यायचं. एवढंच. यात घाण काय आहे? अर्धं ताट टाकून उठायचं आणि त्याला खानदानीपणा म्हणायचं, मला त्याची किळस येते.

मी तेव्हा हैदराबादला कॉलेजात होतो. आम्ही मुल्की, म्हणजे निजामाच्या राज्यातलेच. ते गैरमुल्की, दिल्ली-लखनौकडचे, काही तर थेट काबूल-बगदादचे. राज्य आमच्या मातीवरचं, पण बसावं कसं, खावं कसं, हे ठरवणार ते. वसतिगृहाचे मुख्य त्यांच्यातलेच आणि हा हसणारा त्यांचा सख्खा पुतण्या. मी ताट धुऊन पितो हे बघून त्याला मळमळलं. मुख्यांनी मला बोलावून सांगितलं, "ये आदत छोड़ो, या पीछे बैठो."

सवय मी सोडली नाही. मग पंगतीतून उठवून मला मागच्या पडवीत बसवलं. भांडी घासायची जागा. राख, खरकटं, माश्या. तिथे वर्षभर एकटा जेवलो. वजीफा, म्हणजे माझी शिष्यवृत्ती, मुख्यांच्या शिफारशीवर चालायचा, म्हणून तोंड उघडलं नाही. घरी कुणाला सांगितलंही नाही.

सुट्टीत पुतण्याला आमच्या गावची लेणी बघायची हुक्की आली. "तुम्हारा इलाका है, ले जाओ," असा मुख्यांचा हुकूम झाला. म्हणून हे दोघे आमच्या घरी. आमच्यात लिंग नसलेल्यासोबत पंगतीला बसत नाहीत. वसतिगृहात मी बसायचो, पण आप्पा जन्मात कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले. लेकाचे सोबती, त्यांना परकं वाटायला नको, एवढ्यासाठी त्यांनी आपला नेम मोडला. आणि त्याचं फळ हे.

आप्पांनी थाळी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. "तुला मागं बसवत्यात व्हय रं तिथं?"

"हाव, आप्पा."

दाराआड आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. माझ्या थाळीत गुळवणी राहिलं होतं. मी ते संपवलं, पाणी ओतलं, बोटं फिरवली आणि पुतण्याच्या डोळ्यांत बघत सावकाश प्यालो. मग आमच्या दख्खनीत त्याला म्हणालो, "ये मेरे बाप का घर हाय. हसना हाय तो बाहर जाके हसो."

तो लालबुंद झाला. "हॉस्टल में देखेंगे," म्हणत उठला आणि सामान घेऊन डाकबंगल्यावर गेला.

बगदादचा मात्र बसून राहिला. मोडक्यातोडक्या उर्दूत सांगू लागला की त्याचा आजाही थाळी बोटाने पुसून लख्ख करतो, शेवटच्या घासात बरकत असते म्हणतो.

"फिर तू क्यों हसा?"

"सब हँस रहे थे."

सब? हसायला सुरुवात करणारा एकटाच होता. त्या एकट्याचे 'सगळे' कुणी केले? याने केले. आणि वर्षभर गुमान पडवीत बसून मीही केलेच की. हे मला त्या पाटावर बसल्या बसल्या कळलं, आणि स्वतःचाच संताप आला.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "गप ऱ्हा. दोन वर्सांचा तर सवाल हाय. कुटं का बसवंनात, शिकून घे."

"न्हाई, आप्पा. पडवीत न्हाई बसनार."

"लई शाना झालास. वजीफा गेला तर?"

"तर दुकानात बसंन. गूळ तोलीन."

 मला शिकलेला बघायचं आप्पांच्या मनात किती होतं, मला ठाऊक होतं. मी निघालो तेव्हा ते दुकानातून उठून आले नाहीत.

हैदराबादला पोचलो आणि जेवणाच्या मोठ्या दालनात जाऊन पुतण्याच्या समोर बसलो. मुख्य आले. "तुम्हारी जगह पीछे है."

"मैं बैठा हूँ वो मेरी जगह हाय."

बगदादचा पोरगा मान खाली घालून जेवत राहिला. मुख्यांनी तिथेच सांगितलं, वजीफा बंद. मी म्हणालो, करा. जेवण संपवलं, सगळ्यांच्या देखत ताट धुऊन प्यालो आणि दुसऱ्या दिवशी तिथेच येऊन बसलो. मला उठवायचं असेल तर दंडाला धरून, ओढत न्यावं लागेल, हे मला त्यांना दाखवायचं होतं. आपल्या पायांनी मी पुन्हा मागे जाणार नव्हतो. आजही जाणार नाही.