चक्रवाक आधी कुणी पाहिले?

परंड्याच्या तळ्यावर थंडीत पक्षी उतरतात, फाल्गुनात परत जातात. किस्से मात्र एकदा उतरले की हलत नाहीत!

निजामाच्या राज्यात आम्ही तिथं चार वर्षं काढली. आमचे 'हे' शाळेत मास्तर. त्यांच्याकडं एक जुनी दुर्बीण आणि एक वही. त्या साली आलेला नवा पक्षी जो आधी पाहील, त्याचं नाव वहीत. मी सोलापूरची, सातवी पास. पण वहीत पानोपानी एकच नाव: गोदामावशी. तळ्यावर कपडे धुणारी, अक्षरशत्रू!

•

एकदा मी दुर्बीण लावून डोळे फोडतेय. मावशी वाकून धुणं आपटतेय. मान वर न करता म्हणाली, "बाई, ती चमच्यावानी चोचीची बदकं आली बघा."

"न बघता कसं कळलं हो?"

"पाण्यात सावली पडलीया की!"

•

मग मी चंग बांधला. एका सकाळी ओरडले, "राजहंस! चार!" हे एका पायात चप्पल घालून धावत आले.

मावशी म्हणाली, "त्यातला थोरला आमच्या मालकाचं धोतर हाय. वाळलं का तेवढं बघा."

•

ह्यांना दुर्बीण लावून बसलेलं पाहून निजामाच्या पोलीस जमादाराला संशय आला. "मास्टर, क्या देख रहे?"

"बदकं."

त्याला पटेना. मावशीनं बोटानं एकेक दाखवलं. तो म्हणाला, "फिर दुर्बीण कायकू? ये बाई तो खाली आंखों से दिखा रई!"

जाताना सलाम तिला! मी हातात दुर्बीण घेऊन उभी.

•

आमची शकू बोलायला लागली. पहिला शब्द 'आई' नाही, 'बाबा' नाही. 'गोदा'!

मी तीन दिवस मावशीशी अबोला धरला. तिच्या ध्यानातही आलं नाही.

•

शकू चालू लागली त्या साली चक्रवाकांना उशीर झाला. ही जोडी माझी, असं मी ठरवूनच टाकलं. गार लागेल म्हणून शकूला दोन टोपडी घातली, शेजारी बसवली, दुर्बीण लावली. आणि आली! पलीकडच्या काठाला, नारिंगी, दोन!

"मी पाहिली! मी आधी!"

शेजारी वळले तर शकू जागेवर नाही.

मावशी कमरेएवढ्या पाण्यातून काठाकडं येत होती. तिचं धुणं तळ्यावर पसरलेलं. कडेवर शकू, झबलं निथळतंय, भोकाड पसरलेलं.

माझी ओरड ऐकून हे वही उघडतच आले. "मग? आधी कुणी पाहिलं?"

मावशी पदरानं शकूचं डोकं पुसत होती.

"लिवा मास्तर," ती म्हणाली, "पाखरं बाईंनी पाह्यली. पोरगी म्या."