हिराक्काचं वरचं झाड

हिराक्कानं त्या दुपारी भाकरी सोडलीच नाही. फडकं तसंच मांडीवर ठेवून ती आंब्याच्या खालच्या फांदीकडं बघत बसली. मोतीबिंदूमुळं तिला धड दिसत नव्हतं, पण तिथं काही उरलं नाही एवढं तिला कळलं होतं.

"कुणी काढलं?"

"म्या," मी म्हणाले. "बांडगूळ होतं."

"बांडगूळ न्हवतं ते."

भूमजवळच्या एका नर्सरीत मी शेडनेटखाली कलमं बांधायचे. ज्या झाडाच्या काड्या कलमाला घेतात त्याला मातृवृक्ष म्हणतात. आमची ती आमराई हिराक्का सांभाळायची. मातृवृक्षावर बांडगूळ चालत नाही. ते फांदीच्या लाकडात मूळ घुसवून झाडाचा रस पितं. कृषी खात्याची तपासणी येणार होती आणि हिराक्का चार दिवस लग्नाला गेली होती, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. मी कोयता घेऊन फांद्यांवरचं हिरवं दिसेल ते उतरवलं. बांडगूळ शेळ्या आवडीनं खातात, म्हणून भारा घरी नेला.

त्यात तिचं झाड गेलं. वादळात पडलेल्या बाभळीवरून तिनं ते आणलं होतं आणि लुगड्याच्या चिंधीनं आंब्याला बांधलं होतं. साहेब त्याला ऑर्किड म्हणायचे, ती नुसतं 'वरचं झाड'. तिला पोरंबाळं नव्हती असं काही नाही. चार होती. तिला ते आवडायचं, एवढंच. नजर अधू झाल्यापासून उन्हाळ्यात ती त्याच्या फुलांच्या वासाला जाऊन उभी राहायची. महिनाअखेर तिची नोकरी संपणार होती.

घरी जाऊन भारा उपसला. शेळ्यांनी बांडगूळ फस्त केलं होतं, या वरच्या झाडाला तोंड लावलं नव्हतं. पट्ट्यासारखी जाड पानं, लांब पांढरी मुळं. चार दिवस मातीवाचून पडलेलं. नर्सरीतली बाई जे करते तेच मी केलं. मोठी पिशवी घेतली, माती, शेणखत, वाळू कालवली, मुळं नीट पुरली. रोज दोन वेळा पाणी घातलं. आठ दिवस कुणाला बोलले नाही. नवव्या दिवशी पिशवी तिच्यापुढं ठेवली.

तिनं पानं चाचपली. मग मातीत बोट खुपसलं.

"सुंद्रे, गाडलंस व्हय गं याला?"

"खत चांगलं घातलंय."

"लई शाणी. जित्याला गाडलं आन् वर खत घातलं."

आठ दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

निम्मी मुळं काळी, गिळगिळीत झाली होती. तिनं ती नखानं खुडून टाकली. उरलेली सावलीत सुकवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्यांवर पाणी शिंपडलं. पांढरं मूळ बघता बघता हिरवं झालं.

"बघ, पितंय," ती म्हणाली.

साहेबांनी मला नंतर समजावलं. या मुळांवर स्पंजासारखी साल असते. पावसाचं, दवाचं पाणी ती पटकन शोषते. अन्न पानं करतात. आंब्याकडून त्याला फक्त बसायला जागा लागते. मुळांना वारा लागतो, ओल्या मातीत ती घुसमटून कुजतात.

पण तेच साहेब म्हणाले, "सुंदराबाई, परवा तपासणी आहे. ते परत झाडावर बांधायचं नाही."

मी त्यांना आमराईत नेलं. जिथून बांडगूळ छाटलं होतं तिथं फांदीला गाठ आली होती.

"हितं मूळ लाकडात गेलंय. फांदी कापल्याबिगर निघत न्हाय."

मग हिराक्काच्या फांदीला चिकटून राहिलेला मुळाचा तुकडा नखानं सोलून काढला. खाली आंब्याची साल धड होती.

"हे नुसतं बसलं होतं, साहेब. भाडं देत न्हवतं, पर चोरीबी करत न्हवतं."

साहेबांनी स्वतः खरवडून बघितलं. "आणि तपासणीवाल्यांनी विचारलं तर?"

"मला बोलवा."

"तुम्ही भांडाल."

"मग हिराक्काला बोलवा."

"ती तर त्यांना मारेल," साहेब म्हणाले. "बांधा."

ते मी धरलं, बांधलं तिनं. मला चिंधीला हात लावू दिला नाही. "तू कलमावानी आवळतीस," म्हणाली.

तपासणीवाल्यांनी वर बघितलंच नाही. महिनाअखेर हिराक्का गावी गेली.

पावसाळ्यात नवी मुळं फुटली आणि सालीला घट्ट चिकटली, तेव्हा मी चिंधी सोडली. पहिला उन्हाळा तसाच गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात एक दांडा आला, पाच फुलांचा. मी फोन लावला. ती नातीचा हात धरून एसटीनं आली आणि मान वर करून बराच वेळ फांदीखाली उभी राहिली.

"माझ्या हातनं मरत होतं ते, आक्का," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "आता च्या पाज."

कोयत्यानं त्या झाडाचं फारसं बिघडलं नव्हतं. ते मरायला लागलं माझ्या खतापाण्यानं. माया करण्याआधी, ज्याला माहीत आहे त्याला विचारावं.