खंडेनवमीला धुतलेलं बीकर

नांदेडला पीएच.डी. करत होतो तेव्हा माझं सगळं भवितव्य एका बीकरात होतं. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू साखळीसारखे जोडले जाऊन त्यांचा स्फटिक वाढतो, तो वाढवणं हे माझं काम. द्रावण ओतायचं, वर कागद बांधून त्याला सुईनं भोकं पाडायची आणि महिनोन्‌महिने कपाटात हलवायचं नाही. ज्याला धीर नाही त्यानं या वाटेला जाऊच नये. मी गेलो.

प्रयोगशाळेत कंत्राटावर काम करणारे एक वयस्कर चाचा होते. त्या कपाटासमोरून ते चपला हातात घेऊन जायचे. एकदा आधीच्या स्फटिकाची चिमूटभर पूड मी त्यांच्यासमोर लेसरखाली धरली. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत गेला आणि बाहेर हिरवा ठिपका उमटला. आतली मांडणी एका अंगाला कललेली असली तरच असं होतं, असं मी सांगितलं. चाचा बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसले. पूड तेवढीच होती. प्रबंधासाठी मोठा, अखंड स्फटिक लागणार होता आणि कपाटातल्या बीकरात तो तुरीच्या डाळीएवढा झाला होता.

आमचं घर औशाजवळ, शेतकऱ्याचं. खंडेनवमीला कुळव, कोयते घासून धुतल्याशिवाय त्यांना हळदकुंकू लागत नाही. प्रयोगशाळेतही तसंच व्हावं हा हट्ट माझाच. धुण्याचं काम चाचांवर टाकून मी आदल्या दिवशी गावी निघालो. बसमध्ये त्यांचे तीन फोन आले, हे पुसू का, ते धुऊ का म्हणून. चौथ्या वेळी ते "सर, त्या कपाटातलं..." एवढंच बोलले आणि मी खेकसलो, "चाचा, भांड्याभांड्याला फोन करू नका. सगळं धुवा."

दसरा करून परतलो तर ते बीकर लख्ख धुऊन पालथं घातलेलं, वर हळदकुंकवाचं बोट. कुणी धुतलं, असं मार्गदर्शकांनी विचारलं. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुकी माझीच हाय."

मी मूग गिळून बसलो. पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट संपलं ते संपलंच.

तेच द्रावण मी नंतर कितीदा तरी लावलं. स्फटिक आले, देखणे आले, पण त्यांची मांडणी दोन्ही अंगांनी सारखी. लेसरखाली काळोखच. शेवटी दुसऱ्याच कामावर पदवी मिळवली आणि लातूरच्या कॉलेजात शिकवायला लागलो. त्या पदवीचा आनंद मला कधी झाला नाही.

मागच्या वर्षी माफी मागायची म्हणून नांदेडला चाचांच्या घरी गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. चहा आला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "सर, ते हिरवं पुन्हा निघालं का?"

"निघालं," मी म्हणालो.

चाचांनी चाचपडत माझा हात धरला. "मग बरं झालं. फोनचं मी कुणाला बोललोच न्हाई. तुमचं शिकणं व्हायचं होतं, माझं काय. माझी नोकरी वाया न्हाई गेली म्हणायची."

माफी आता कुठल्या तोंडानं मागणार होतो? चहा संपवला आणि लातूरची बस धरली.