पाणबुडीला लावलेला गंज

"हात हलका ठेवा नाना. समुद्राला घाई नसते," असं म्हणत शेजाऱ्याने माझ्या हातातला स्पंज काढून घेतला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. माझ्या ओट्यावर हातभर लांबीची प्लास्टिकची पाणबुडी ठेवली होती आणि आम्ही तिला गंज चढवत होतो.

तुम्ही हसाल. मी जन्मभर धुळ्याला ट्रकच्या बॉड्या रंगवल्या. गंज खरवडून काढायचा, हा माझा धंदा. म्हातारपणी जळगावात हा शेजारी भेटला आणि त्याने मला गंज लावायला शिकवलं. आधी गंजाचा रंग द्यायचा, तो वाळला की ओला करून जाडं मीठ शिंपडायचं, वरून काळा फवारायचा. सुकलं की मीठ झाडायचं. मीठ निघालं तिथे खालचा गंज दिसतो. मीठ माझ्या बायकोच्या डब्यातलं. "दोन्ही म्हातारा येडा व्हई गयात," म्हणायची आणि द्यायची.

त्याच्या स्वतःच्या शर्टाला एक डाग चालायचा नाही, पाणबुडी मात्र मळकट पाहिजे. गल्लीत कोणी विचारलं की चष्मा कपाळावर चढवून सांगायचा, "पाणबुडीत महिना महिना ऊन पाहिलं नाही आम्ही." चहा पार गार करून प्यायचा. मला आवडायचा तो माणूस.

बायकोची फुप्फुसं गेली, तिला आडवं होता येईना. तो दुपारी येऊन तिच्या खाटेशी बसायचा.

"भाऊ, पानीमा जीव नही घाबरस का?"

"घाबरतो ना वहिनी. मग गप पडून राहायचं. नाकाने थोडी थोडी हवा घ्यायची."

ती तसं करायची. डॉक्टरचं ऐकायची नाही, माझं तर नाहीच. गेली तेव्हाही त्याच्याकडे बघत होती. मी वाईट वाटून घेतलं नाही. म्हटलं, ज्याने सोसलंय त्याच्याकडेच बघणार माणूस.

तर पाणबुडीला गंज चढवत होतो त्या दिवशी शेजारच्या बाईंचा शिरपूरचा जावई ओट्यावर आला. खरोखर पाणबुडीवर नोकरीला, सुटीत आलेला. त्याने मॉडेल उचललं.

"रंग फक्कड आहे काका. पण हिच्या अंगभर रबराच्या फरशा असतात. त्या निखळून चौकोनी चट्टे पडतात. असा ट्रकसारखा गंज नाही येत." मग माझ्या शेजाऱ्याकडे वळून, "तुम्ही कोणत्या बोटीवर होता?"

गंज माझाच होता, ट्रकचाच. मी सवयीने लावला होता आणि हा म्हणाला होता, अस्साच असतो.

तो चष्मा पुसत राहिला. जावई गेल्यावर म्हणाला, "मी गोदीत रेशनच्या कोठीत होतो, नाना. पाणबुडी लांबून पाहिलीय."

"आत?"

"कधीच नाही."

"मग तिला काय सांगत होतास?" त्याला मी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"वहिनींना बरं वाटायचं."

"ती मरत होती. मरणाऱ्या बाईला थापा मारल्यास."

नुसत्या गल्लीला मारल्या असत्या तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तिची शेवटची नजर माझी होती. ती मी त्याला देऊन टाकली, तो पाण्याखाली राहिलेला माणूस आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळी आला. कडी वाजवली. "नाना."

मी दाराच्या आत खुर्ची टाकून बसलो होतो.

"घरात कोणी नाही," मी म्हणालो.

मग "बरं" म्हणाला, आणि त्याच्या चपला ओट्यावरून खाली उतरल्या.