सरकार आणि माझा भोलू

सरकार कुणाच्या पुढे चालत नसत. देवासच्या आमच्या कॉलनीत भाजी आणायला निघाले तरी बरोबरच्याला "आपण व्हा पुढे" म्हणत आणि स्वतः दोन पावलं मागे राहत. त्यांचे पूर्वज धारच्या दरबारात चाकरीला होते. सवय तिथली, असं ते सांगत. नोकरी मात्र त्यांनी जन्मभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये केली. 'सरकार' हे नाव कॉलनीनं थट्टेनं ठेवलं आणि त्यांनी ते ऐटीत मिरवलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर होता. निदान माझा भोलू म्हातारा होईपर्यंत तरी होता.

भोलू माझा कुत्रा. 'माझा' हे मुद्दाम लिहितोय. पिल्लू असताना मीच त्याला शर्टात घालून घरी आणला होता. म्हातारपणी त्याचे मागचे पाय गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी "गुर्दे कमज़ोर हैं" म्हणून मूत्रपिंडाच्या गोळ्या लिहून दिल्या. आम्ही नवरा-बायको दिवसभर नोकरीवर. शेजारी सरकार एकटे, रिटायर झालेले. म्हणाले, "किल्ली ठेवून जा. दुपारी आम्हां दोघांनाही कुणी विचारत नाही." मी किल्ली दिली, आणि भोलूही दिला म्हणायचा.

पाय घसरू नयेत म्हणून त्यांनी आमच्या गुळगुळीत फरशीवर गोणपाटं अंथरली. बिनमिठाचा मऊ भात स्वतः शिजवून आणत. मी दिलेली गोळी भोलू गालात धरून ठेवी आणि माझी पाठ वळली की पलंगाखाली टाकी. त्यांच्या हातची, भोपळ्याच्या फोडीत दडवलेली, मुकाट गिळे. "आपल्या हाताला घाईचा वास येतो, राव," सरकार म्हणाले. त्या रात्री मी माझे तळहात हुंगून पाहिले.

संध्याकाळी ते भोलूच्या पोटाखालून एक जुना पंचा घालत, दोन्ही टोकं वर धरून त्याचं मागचं धड उचलत आणि त्याच्या मागून चालू लागत. मी पट्टा धरून पुढून ओढायचो तेव्हा हाच भोलू बसकण मारायचा. "म्हातारं माणूस असो की कुत्रं, पुढून ओढू नये. मागून धरावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी स्कूटरवरून घरी यायचो तेव्हा घरात भोलू नसायचा. अंधार पडता पडता दोघंही धापा टाकत परतायचे.

"कुठं जाता एवढा वेळ?"

"भोलूराव नेतील तिथं."

भोलू मला हुंगून शेपटी जराशी हलवी आणि गोणपाटावर अंग टाकी. माझ्या वाट्याला उरलेली शेपटी! एका सकाळी ठेल्यावर पोहेवाल्यानं मलाच विचारलं, "भिया, सरकार का कुत्ता अब कैसा है?" पोहे अर्धे टाकून निघालो. घरी येऊन धुसफुसलो तर बायको म्हणाली, "अहो, सवत आल्यासारखं काय करताय?"

मग सरकारांचेच गुडघे गेले. धारहून पुतण्या न्यायला आला. निघताना त्यांनी तो पंचा धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिला. "आता आपली पाळी. मात्र मागून हं." त्यांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लवकर घरी आलो आणि पंचा घालून भोलूच्या मागे उभा राहिलो. आता हा सरकारांच्या बंद दाराशी जाणार, अशी माझी खात्री होती. भोलूनं त्या दाराकडे नाकसुद्धा वळवलं नाही. थांबत, कण्हत तो कॉलनीबाहेर पडला आणि चौराह्यावर कंपनीच्या बसथांब्यापाशी जाऊन बसला. स्कूटर घेण्यापूर्वी, कितीतरी वर्षांमागे, मी तिथं उतरायचो आणि तरुण भोलू त्याच बाकाखाली माझी वाट पाहायचा. बस आली. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे तो नाक उंचावून वास घेत होता. मी मागे पंचा धरून उभा, आणि तो मला समोर शोधत होता.

रात्री धारला फोन लावला. "सरकार, हे सांगितलं का नाहीत मला?"

ते म्हणाले, "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून आपणच तिथं उभे राहिला असता. मग आमची संध्याकाळ कुठली, राव?" वर म्हणाले, "रोज आम्ही त्याला उचलून न्यायचं आणि त्यानं रोज आपली वाट पाहायची. आम्हांला काय हेवा वाटला नसेल?"

त्या रविवारी भोलूला भाड्याच्या गाडीत घालून धारला नेलं. सरकार व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. भोलूनं हवेत नाक फिरवलं आणि पंच्याची वाट न पाहता पुढच्या पायांनी खुरडत जाऊन त्यांच्या सुजलेल्या पायावर हनुवटी टेकवली. शेपटी अशी हलत होती की कितीतरी दिवसांत मी ती तशी पाहिली नव्हती. त्यानंतर थोड्याच महिन्यांत सरकार गेले आणि पाठोपाठ भोलू. पण त्या दिवशी दोघंही होते. पंचा खुर्चीच्या हातावर ठेवून मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. चहा झाला, ऊन उतरलं, निघायची वेळही टळली. छातीत जळत होतं, पण मी भोलूला हाक मारली नाही.