आत्याबाईंची दोन बोटं

आत्याबाई कुठलाही पदार्थ चाखून बघत नसत, दाबून बघत. भाताचं शीत, तुरीची डाळ, बटाट्याची फोड, सगळं अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये. पीठ झालं की गॅस बंद. माझा पास्ता त्यांनी पहिल्यांदा उचलला तोही असाच. दाबला, तो पुन्हा होता तसा झाला. परत दाबला, परत तेच. मग तो माझ्या तळहातावर ठेवत म्हणाल्या, "ह्याच्यात अजून जीव हाय."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. उभा जन्म सायखेड्याच्या मळ्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधण्यात गेला. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्या शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटवर आल्या, येताना पाटा-वरवंटा घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. माझी हरकत नव्हती. त्यांच्या हाताला चव होती आणि मला ऑफिसातून यायला सात वाजत. मी फक्त रविवारची संध्याकाळ मागून घेतली. त्या दिवशी लेकीसाठी पास्ता. तेवढं एक माझं.

आमचं भांडण चवीवरून नव्हतंच, चाखण्यावरून होतं. पास्ता शिजला की नाही हे कळायला एक तुकडा दाताखाली धरावा लागतो. आणि आत्याबाईंच्या राज्यात गायीचा घास काढण्याआधी गॅसपाशी तोंड हललं, की अख्खं पातेलं उष्टं. मीठसुद्धा त्या नुसत्या वासावर ओळखत.

"चाखल्याशिवाय कळणार कसं, आत्याबाई?"

"मग देवानं बोटं कशाला दिली?"

मी पाठ फिरवून चाखायला शिकले. खोकल्याचं निमित्त करून तुकडा तोंडात टाकायचा आणि न चावल्यासारखं चावायचं. त्यांना कळायचंच. घासासाठी काढलेली वाटी त्या परत ओट्यावर ठेवत आणि स्वतःसाठी भाकरी थापायला घेत. नऊ वर्षांत त्यांनी माझ्या हातचा पास्ता एकदाही खाल्ला नाही. एकदा तरी वाटीभर खावा, एवढंच मला हवं होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण ऐकायला ते फारच पोरकट वाटलं असतं.

आणि गंमत म्हणजे पास्त्याच्या सॉसला, ज्याला त्या 'कालवण' म्हणत, त्यांचा अजिबात विरोध नव्हता. दर शनिवारी भाजीवाल्याच्या गाडीवर उभं राहून त्या माझ्यासाठी टोमॅटो निवडत, एकेक दाबून. भाजीवाला कुरकुरला तर म्हणत, "सुनेला लागत्यात. तिला नाय कळत त्यातलं."

एकदा त्यांनी निकाल गायीवर सोपवला. मागच्या गल्लीत एका दूधवाल्याची गाय होती, रोजचा घास तिलाच जाई. त्या दिवशी मी अजिबात चाखलं नव्हतं, नुसतं घड्याळाकडे बघून पास्ता उतरवला होता. आत्याबाई तो पोळीवर घालून गुडघे धरत घेऊन गेल्या. गायीने पोळी ओढून घेतली, खाली सांडलेला पास्ता हुंगला आणि मान फिरवली. पुढच्या रविवारी आत्याबाईंनी स्वतः केला. पाऊण तास शिजवून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट. गायीने खाल्ला. माझ्या लेकीनेही दोनदा मागून घेतला, ते मला जास्त लागलं.

गेल्या हिवाळ्यात आत्याबाईंनी अंथरूण धरलं. कवळी डबीत गेली, बोटांत चमचा धरायचंही बळ उरलं नाही. त्या रविवारी मी पास्ता त्यांच्या रीतीने केला. चाखला नाही. अंगठा आणि तर्जनीत दाबत राहिले, पार पीठ होईपर्यंत. गायीला घास देऊन आले आणि मग चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घोळवला, गिळला.

"गाळ झालाय," त्या म्हणाल्या. "चाखला नाय का?"

"तुम्हीच म्हणता ना, चाखायचं नाही."

"मी म्हनते. तू कवा ऐकलंय?" थोडा दम घेऊन म्हणाल्या, "जा, तुझा कर."

मी दुसरं पातेलं चढवलं. पलंगावरून त्यांना ओटा दिसत होता. या वेळी मी पाठ फिरवली नाही. एक तुकडा काढला आणि त्यांच्यासमोर चावला.

"कसा हाय?"

"मिनिटभर कमी आहे."

"मग थांबते," त्या म्हणाल्या. तेव्हा मला रडू आलं, आणि त्या नादात पास्ता दोन मिनिटं जास्त शिजला.

वाटीभर काही त्यांनी खाल्ला नाही. पाच-सहा तुकडे, हिरड्यांनी, फार वेळ लावून. पुढच्या रविवारपर्यंत त्या राहिल्या नाहीत.

मी अजून दर रविवारी पास्ता करते. आधी चाखते, मग गायीचा घास काढते आणि मागच्या गल्लीत नेऊन देते. गाय पोळी खाते, पास्ता हुंगते आणि मान फिरवते.