गेला म्हणजे कुठं गेला?

प्रेमलाबाईंच्या हातची खिचडी खाऊन वाढलेल्या पोरांना आता मिसरूड फुटलंय. मार्केट यार्डात बाया कांदा निवडायला बसतात, त्यांच्या लेकरांसाठी एका संस्थेनं तिथंच पाळणाघर काढलंय, त्याचा स्वयंपाक बाईंकडे. नवरा भीमराव यार्डातच हमाली करायचा, तो वारला. मग बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत बाई आणि मुलगा राकेश. आणि मग नुसत्याच बाई.

राकेश नोकरी सोडून घरी बसला होता. दिवसभर लोळणं आणि मोबाइल. एके दिवशी बाईंचं डोकं फिरलं आणि तोंडून निघून गेलं, “तू नसतास तर बरं झालं असतं!” आता आई रागात वाट्टेल ते बोलते, कोण मनावर घेतं? यानं घेतलं. बॅग उचलली आणि ‘येतो’सुद्धा न म्हणता चालता झाला. नंबरही बदलला. बाईंनी कुठं कुठं म्हणून चौकशी केली नाही! पण पोराचा पत्ता नाही.

अशात संस्थेला देणगीदारांसाठी व्हिडिओ करायचा होता. ते काम ऋचाकडे. कसबा पेठेतली मुलगी, बोलायला गोड, कामाला वाघ. “मावशी, नुसते आकडे कुणी बघत नाही हो. लोकांना माणूस दिसला पाहिजे. तुमची स्टोरी करू या ना!”

“माझी कसली डोंबलाची स्टोरी?” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, “हे कुठवर जाईल गं?”

“कुठंही! ज्याच्या हातात फोन, त्याच्यापर्यंत.”

झालं, बाई तयार झाल्या. राकेशच्या हातात फोन तर चोवीस तास. आई दिसली तर एखादा फोन करील, एवढीच आशा. पण हे ऋचाला सांगितलं नाही. घरची भांडणं चव्हाट्यावर कशाला?

शूटिंग बाईंच्या घरी झालं. पौर्णिमा होती, बाईंनी बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली होती. शेजारीच राकेशचा फोटो. ऋचानं कॅमेरा लावून विचारलं, “मावशी, घरी कोण कोण असतं?”

“कोण असणार? मालक गेले. मग माझा राकेश गेला.” पुढं बाईंना बोलवेना. पदर तोंडाला लावून त्या ढसाढसा रडल्या.

आता इथं एक प्रश्न विचारायला हवा होता की नाही? ‘गेला म्हणजे कुठं गेला?’ बस्स. पण ऋचा पडली संस्कारी घरातली. पोटचा पोर गेलेल्या बाईला असलं कसं विचारायचं? तिनं बाईंचा हात दाबला आणि कॅमेरा मेणबत्तीवरून हळूहळू राकेशच्या फोटोवर नेला.

व्हिडिओ आला. मागं बासरी, राकेशचा फोटो काळा-पांढरा, खाली अक्षरं: ‘एकुलता एक मुलगा गमावला, तरी त्या शेकडो लेकरांची आई झाल्या.’ बघता बघता तो सगळीकडे फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद दापोडीहून गळा काढतच दारात हजर. “वहिनी, एवढं झालं आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही?”

बाईंनी तिच्याच फोनवर तो व्हिडिओ पाहिला आणि तशाच संस्थेत गेल्या.

“अगं बये, माझ्या जित्या पोराला मारलंस की गं!”

ऋचाच्या तोंडचं पाणी पळालं. “मावशी, तुम्हीच म्हणालात ना, गेला...”

“घरातनं गेला गं! आणि मेणबत्ती पौर्णिमेची होती!”

“आत्ताच्या आत्ता काढून टाकते,” म्हणत ऋचानं रडत रडत फोन उघडला. तोच बाईंनी तिचं मनगट धरलं.

“थांब. राहू दे.”

“अहो, असं कसं राहू दे?”

“आपण मेल्याचं बघून कुठलं पोरगं गप्प बसेल? भांडायला तरी फोन करील.”

ऋचाला पटलं नव्हतं, पण तिला नाही म्हणवेना. उद्यापर्यंत ठेवते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती धावतच स्वयंपाकघरात आली. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेल्या ढीगभर ओळींत एक नाव राकेशचं होतं, शेजारी बारीकसा फोटो. दाढी वाढलेली, गाल बसलेले, पण तोच! बाईंनी फोन हिसकावून घेतला. जिवंत आहे गं माझा, जिवंत आहे! त्या हसल्यासुद्धा. मग त्यानं काय लिहिलंय ते वाचलं.

‘भावपूर्ण श्रद्धांजली.’

बाई पातेल्याशेजारी फरशीवरच बसल्या. आईनं म्हटलं होतं ना, नसतास तर बरं. तर घे, नाही मी.

“मावशी, खाली उत्तर देता येतं,” ऋचा कशीबशी म्हणाली. “काय लिहू? चूक माझी झाली म्हणून लिहू?”

“नको. लांबलचक लिहिलंस तर वाचणार नाही तो.” बाईंनी डोळे पुसले. “लिही, राकेश, जेवलास का?”

ऋचानं लिहिलं. पोरांची पंगत वाट बघत होती, बाईंनी उठून वाढायला घेतलं. कुणाला दोनदा वाढलं, कुणाला वाढायचंच राहिलं. भांडी झाल्यावर ऋचानं पुन्हा फोन उघडला. किती वेळ वर-खाली करत राहिली.

“मावशी, त्यानं लिहिलेलं काढून टाकलंय. आपलं उत्तरही त्याबरोबर गेलं.”

बाई ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या.

“म्हणजे वाचलं त्यानं,” त्या म्हणाल्या.